पाचव्या गिअरवरचा जीव

मराठी मध्यमवर्गीय माणसाचा पाचव्या गिअरवर फार जीव. गाडी घेताना पाच गिअरचे पैसे मोजलेत, तर पाचवा वसूल झालाच पाहिजे. पहिला, दुसरा, तिसरा हे पेट्रोल पिणारे गिअर, त्यांच्याशी जेवढ्यास तेवढं. सिग्नल सुटला की हा माणूस पुढच्या चौकाच्या आत पाचवा गाठतो. मग गतिरोधक येवो, खड्डा येवो, म्हशी येवोत की मिरवणूक येवो, तिथून खाली उतरायला त्याचं मन होत नाही. लग्नकार्यात कुणी ना कुणी 'किती देते हो?' विचारणारच असतं. तेव्हा ऐटीत 'बावीस' म्हणता आलं पाहिजे.

हा गृहस्थ मे महिन्यात सहकुटुंब महाबळेश्वरला निघतो. वाई सुटते, पसरणी घाट लागतो. गाडीत पाच माणसं, डिकीत दोन दिवसांच्या मुक्कामासाठी आठवड्याचे कपडे, एसी फुल्ल, टपावर ऊन. गिअर चौथा, कारण पाचव्यातून चौथ्यात आणला हेच घाटावर मोठे उपकार. वेग तिसाच्या आसपास आणि उजवा पाय तळाला टेकलेला. बॉनेटखालून बारीक, कोरडी, धातूची किटकिट सुरू होते.

"अहो, कसला आवाज येतोय?"

"कुठे काय?"

"येतोय की. चढ लागला की येतो."

"रस्ता खराब आहे."

असं म्हणून तो गाणी मोठ्याने लावतो. किटकिट थांबते. निदान गाडीत बसलेल्यांपुरती तरी.

हसू नका. नॉकिंगवर माणसाने गेल्या शंभर वर्षांत जे उपाय केले, त्यातले निम्मे याच जातीचे आहेत.

आधी हे नॉकिंग म्हणजे काय ते बघू. पेट्रोल इंजिनात स्फोट होतात असा सार्वत्रिक समज आहे. स्फोट व्हायचाच नसतो तिथे. पिस्टन वर येताना पेट्रोल-हवेचं मिश्रण दाबतो, तो पार वर पोचायच्या किंचित आधी प्लग ठिणगी टाकतो आणि ज्योत प्लगपासून कडेकडे शिस्तीत सरकत जाते. दाब चढत जातो, पिस्टन वरून फिरून खाली निघतो आणि नेमक्या त्या वेळी सगळा जोर त्याच्या डोक्यावर येतो. हा झाला आदर्श संसार. पण लग्नाच्या पंगतीत वाढपी एका टोकाकडून सावकाश येत असावेत आणि शेवटच्या पानांवरची भुकेली मंडळी एकदम उठून पातेल्यावर तुटून पडावीत, तसं कधी कधी सिलिंडरच्या कडेच्या मिश्रणाचं होतं. ते आधीच दाबलेलं, आधीच तापलेलं. त्यात पेटलेला भाग फुगून त्याला आणखी रेटत असतो. ज्योत पोचायची वाट न बघता ते एका क्षणात आपसूक पेटतं. मग दाबाच्या लाटा भिंतीवरून भिंतीवर आपटतात, सेकंदाला सहा-सात हजार वेळा. आपल्याला ऐकू येते ती किटकिट हीच. रस्त्याचा त्यात काही दोष नसतो.

आणि गिअरचा दोष असतो. इंजिनाच्या फेऱ्या कमी आणि पाय मात्र पूर्ण दाबलेला, म्हणजे सिलिंडरात हवा ठासून भरते, दाब वाढतो आणि कडेच्या मिश्रणाला भडकायला वेळही भरपूर मिळतो. गिअर खाली घेतला की फेऱ्या वाढतात, पायावरचा जोर कमी होतो, ज्योत वेळेत पोचते आणि किटकिट थांबते. या उपायाला खर्च शून्य. बहुधा म्हणूनच त्याची कुठे जाहिरात दिसत नाही.

चढावर क्षणभर किटकिट झाली म्हणून कुठलं इंजिन मरत नाही, हेही सांगून टाकतो. नाहीतर काही वाचक उद्या सकाळीच गाडी विकायला काढतील. जुन्या फियाट-अँबॅसिडरच्या जमान्यात तर मिस्त्री डिस्ट्रिब्युटर हाताने फिरवून टायमिंग लावायचे. चढावर ओझरती किटकिट येईपर्यंत पुढे आणायचे आणि मग केसभर मागे घ्यायचे. कान हेच यंत्र. भीती आहे ती रोज, भर जोरावर आणि बराच वेळ चालणाऱ्या नॉकिंगची. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि सिलिंडरातली ज्योत दोन हजारांच्या वर असते. तरी पिस्टन टिकतो, कारण त्याची उष्णता रिंगांवाटे आणि ऑइलवाटे सतत काढून नेली जाते आणि त्याच्या अंगालगत वायूचा एक पातळ थर असतो, जो ज्योतीची पूर्ण धग आत लागू देत नाही. नॉकिंगच्या लाटा तो थरच खरवडून काढतात. उघड्या पडलेल्या धातूला मग थेट चटका बसतो.

असा एक पिस्टन ओळखीच्या गॅरेजात बघितला. मिस्त्रींनी तो वर्तमानपत्राच्या पुरवणीवर ठेवला होता. (पान राशिभविष्याचं होतं, या सदराचं नव्हतं. तेवढंच समाधान.) पिस्टनची वरची कड एका बाजूने कुरतडलेली, बोट फिरवलं की खरखरीत लागणारी. पहिल्या आणि दुसऱ्या रिंगांमधला धातूचा कठडा अंगठ्याएवढ्या लांबीत तुटून गेलेला. शेजारी त्याच सिलिंडरचा प्लग होता. त्याच्या पांढऱ्या चिनी मातीवर चांदीच्या रंगाचे बारीक ठिपके चिकटलेले. मिस्त्री म्हणाले, "हे ठिपके म्हणजे पिस्टनच आहे. थोडा थोडा करून प्लगवर गेला."

गाडीचे मालक तिथेच स्टुलावर बसले होते, निवृत्त माणूस.

"काका, आवाज येत नव्हता का?"

"आवाज? नाही बुवा. म्हणजे यायचा थोडा. चढावर."

"किती दिवस?"

"झाले असतील सहा-आठ महिने. मला वाटलं, रनिंगमध्ये जाईल."

'रनिंगमध्ये जाईल' ही श्रद्धा आपल्याकडे फार खोल आहे. गुडघेदुखी, भिंतीतली ओल, सोसायटीचा लिफ्टवाला वाद, सगळं रनिंगमध्ये जाणार असतं. काकांच्या बाबतीत रनिंगमध्ये गेला तो हेड गॅस्केटही. हेड उतरवलं, बोअर बघितलं, पिस्टन-रिंगांचा संच आला आणि पेट्रोलमध्ये सहा-आठ महिने वाचवलेले पैसे एका बिलात व्याजासकट परत गेले.

नॉकिंगला गिअरखेरीज बाकीची कारणंही आहेत, पण तीही अशीच नीरस. इंजिन कधीच मोकळं पळवलं नाही तर आत कार्बन साचतो. जागा कमी होते, दाब वाढतो आणि कार्बनचा एखादा तापलेला कण स्वतःच ठिणगीचं काम करायला लागतो. रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी नळाचं पाणी ओतलं की आत क्षार बसतात आणि इंजिन तापतं. प्लग भलत्याच रेंजचा बसवला, इंजेक्टर तुंबून मिश्रण पातळ झालं, तरी तेच. डिझेलचं खडखडणं वेगळं: तिथे इंधन पेटायला उशीर होतो आणि मग साचलेलं एकदम पेटतं. डिझेलवाल्यांनी या सदराचा राग मानू नये, त्यांच्यावर पुन्हा कधीतरी.

एक कारण मात्र नीरस नाही. रॉकेल. पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळलं की नॉकिंग रोखण्याची त्याची ताकद घसरते, कारण रॉकेल दाबाखाली फार चटकन पेटतं. रेशनचं रॉकेल निळं रंगवायची पद्धत आली ती ही चोरी दिसावी म्हणून. चोरी दिसली. बघणाऱ्याचं काय झालं तेही महाराष्ट्राने बघितलं. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनावणे यांना मनमाडजवळ पानेवाडीला इंधन भेसळवाल्यांनी भर दिवसा जिवंत जाळलं. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता. त्यांच्याबद्दल तिरकस लिहिण्यासारखं काही नाही.

आता पंपावर चला. पोरगा नोझल हातात घेऊन विचारतो, "साहेब, साधं की प्रीमियम?" साहेबांच्या शेजारी सौभाग्यवती, मागे मेहुणा. 'साधं' म्हणायला जीभ रेटत नाही. आता तर ९५ आहे, शंभर नंबरचंही आहे. २०२० च्या डिसेंबरात इंडियन ऑइलने शंभर ऑक्टेनचं पेट्रोल बाजारात आणलं, तेव्हापासून अनेकांचा समज झाला की परीक्षेत शंभर पैकी शंभर मिळतात ते हेच. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. पेट्रोल दाबाखाली आपसूक पेटायचं किती वेळ टाळू शकतं, एवढंच तो आकडा सांगतो. १९२६ साली ग्रॅहम एडगर नावाच्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने दोन द्रव्यं घेतली. आयसो-ऑक्टेन नॉकिंगला दाद देत नाही, त्याला १०० दिले. हेप्टेन लगेच नॉक होतं, त्याला शून्य. आपलं पेट्रोल या दोघांच्या कोणत्या मिश्रणासारखं वागतं, तो त्याचा नंबर. ज्या इंजिनाची रचना ९१ साठी केली आहे आणि जे ९१ वर नॉक होत नाही, त्याला १०० पाजून साधतं काय? पंपाची विक्री साधते. ज्याच्या गाडीच्या पुस्तिकेत ९५ लिहिलं आहे त्याने ९५ जरूर टाकावं. पण ती पुस्तिका डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लास्टिकच्या पिशवीत सीलबंद असते, तिच्यावर विम्याचे कागद असतात आणि त्यांच्यावर गेल्या वर्षीचा अंगारा.

बाटलीतून काहीतरी ओतलं की आवाज जातो, ही कल्पना आली कुठून? अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डेटन गावातून. तिथे चार्ल्स केटरिंग नावाचा एक अफाट डोक्याचा माणूस होता. १९१२ च्या कॅडिलॅकला हँडल न मारता बटणावर सुरू होण्याची सोय याच्यामुळे मिळाली. पण त्याच सुमारास गाड्या किटकिटायला लागल्या आणि लोकांनी त्याच्या बॅटरी-इग्निशनवर आळ घेतला. कंपन्या इंजिनातला दाब वाढवू बघत होत्या, कारण दाब वाढला की तेवढ्याच पेट्रोलात जास्त काम मिळतं. नॉकिंग आडवं येत होतं. केटरिंगने हे काम थॉमस मिजली या तरुण मेकॅनिकल इंजिनिअरकडे दिलं.

दोघांची पहिली कल्पना ऐकण्यासारखी आहे. बर्फातसुद्धा फुलणारं एक लाल पानांचं रोप केटरिंगला माहीत होतं. लाल रंग उष्णता शोषतो म्हणून ते लवकर फुलतं, असा त्याचा तर्क. तेव्हा पेट्रोल लाल केलं तर ते नीट पेटेल! हाताशी आयोडीन होतं, ते मिसळलं आणि नॉकिंग खरोखर कमी झालं. मग इतर लाल रंग आणून टाकले. कशानेही काही होईना. रंगाचा काहीच संबंध नव्हता, आयोडीनचा होता. चुकीच्या तर्काने बरोबर उत्तर येण्याचं इतकं देखणं उदाहरण दहावीच्या भूमितीच्या पेपरातही सापडणार नाही. आयोडीन महाग होतं, यंत्र गंजवत होतं. मग मिजलीने एकामागून एक रसायनं पारखायला घेतली. ॲनिलिन झालं, सेलेनियम झालं, टेल्युरियम झालं. टेल्युरियमने नॉकिंग छान थांबायचं, पण त्याच्या संयुगांचा वास अंगाला असा चिकटायचा की माणसांत बसायची सोय राहायची नाही. अखेर ९ डिसेंबर १९२१ ला टेट्राएथिल लेड सापडलं. शिशाचं संयुग. गॅलनला चमचाभरही लागत नव्हतं. इंजिन गप्प.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण आणखी एक औषध या मंडळींना आधीपासून माहीत होतं: अल्कोहोल. ते नॉकिंगला शिशाइतकं नाही तरी चांगलं दाबतं, हे खुद्द मिजलीने इंजिनिअरांसमोर दाखवलं होतं. अडचण एवढीच की अल्कोहोल कुठल्याही शेतकऱ्याला गाळता येतं. त्याच्यावर मालकी कशी सांगणार? शिवाय ते लागतं टक्क्यांत, म्हणजे तेवढं पेट्रोल कमी खपणार. त्यात तेव्हा अमेरिकेत दारूबंदी. शिशाचं पेटंट घेता येत होतं आणि गॅलनमागे पैसे मिळत होते. २ फेब्रुवारी १९२३ रोजी डेटनच्याच एका पंपावर शिशाचं पेट्रोल पहिल्यांदा विकलं गेलं. पुढच्या वर्षी जनरल मोटर्स आणि स्टँडर्ड ऑइल यांनी मिळून त्यासाठी कंपनी काढली. तिच्या नावात 'एथिल' होतं, शिसं नव्हतं.

शिसं विषारी असतं हे तेव्हा ठाऊक नव्हतं असं कुणी म्हणू नये. रोमन काळापासून ठाऊक होतं. खुद्द मिजली १९२३ च्या सुरुवातीला शिशाची बाधा होऊन हवापालटाला फ्लोरिडाला गेला होता. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे इथल्या कारखान्यात कामगारांना भ्रम व्हायला लागले, ते आरडाओरडा करत धावायला लागले. पाच जण मेले, कित्येक रुग्णालयात गेले. वर्तमानपत्रांनी त्याला 'वेड्यांचा वायू' असं नाव ठेवलं. त्यावर ३० ऑक्टोबरला पत्रकार परिषद भरली. मिजलीने पत्रकारांसमोर ते द्रव्य हातावर चोळलं, बाटली नाकाशी धरून मिनिटभर हुंगली आणि हे मी रोज केलं तरी मला काही होणार नाही अशा अर्थाचं काहीतरी सांगितलं. औद्योगिक आरोग्याच्या तज्ज्ञ ॲलिस हॅमिल्टन यांनी उघड विरोध केला. १९२५ मध्ये चौकशी बसली, विक्री काही काळ थांबली, १९२६ मध्ये पुन्हा सुरू झाली. समिती नेमून प्रकरण थंड करायचं शास्त्र आपण इंग्रजांकडून शिकलो असं मला वाटायचं. अमेरिकनांचाही हात बरा दिसतो.

पुढची पन्नास वर्षं जगभर इंजिनं शांत चालली आणि शिसं हवेत, मातीत, पोरांच्या रक्तात जात राहिलं. क्लेअर पॅटरसन हा शास्त्रज्ञ पृथ्वीचं वय काढत होता. त्याला प्रयोगशाळेत जिकडेतिकडे नको तेवढं शिसं सापडायला लागलं, म्हणून तो त्याच्या मागे लागला आणि १९६५ मध्ये सगळं जाहीरपणे मांडलं. लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा काय परिणाम होतो तेही पुढे नीट मोजलं गेलं. तरी पंपावरून शिसं हटायला खरा रेटा मिळाला तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा. शिशाने तो निकामी होतो. भारतातही १ एप्रिल १९९५ ला बिनशिशाचं पेट्रोल आलं ते आधी चार महानगरांत, कन्व्हर्टरच्या नव्या गाड्यांसाठी. देशभरातल्या सगळ्या पोरांचा नंबर १ फेब्रुवारी २००० ला लागला. जगात शेवटी अल्जीरियाने जुलै २०२१ मध्ये ते थांबवलं. मिजलीचं म्हणाल तर त्याने नंतर फ्रिजसाठी फ्रिऑन शोधून ओझोनच्या थराचीही सोय केली. पोलिओने पाय गेल्यावर अंथरुणातून उठण्यासाठी त्याने दोऱ्या-कप्प्यांची एक युक्ती बनवली आणि १९४४ मध्ये त्याच दोऱ्यांत गळा अडकून तो गेला. रोग परवडला पण औषध नको, हे आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत.

आणि ते पेटंट न घेता येणारं अल्कोहोल? ते ऐंशी वर्षांनी आपल्या दारात आलं. २००१ साली पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायचे सरकारी प्रयोग सुरू झाले, त्यातले दोन महाराष्ट्रात: एक मिरजेला, दुसरा मनमाडला. मनमाडच्या नशिबात पेट्रोलमधली मिसळ सरकारीही होती आणि बिनसरकारीही. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल आहे. उसाची मळी, मका, जे मिळेल त्याचं. लगेच सोसायटीच्या ग्रुपवर फतवा निघाला की इथेनॉलमुळे इंजिनं नॉकिंग करायला लागली. चोर सोडून संन्याशाला फाशी! इथेनॉलचा ऑक्टेन आकडा १०८ च्या आसपास आहे, वाफ होताना ते मिश्रण थंडही करतं. नॉकिंगच्या बाबतीत ते सज्जन आहे. तक्रार करायचीच तर दुसरी करा: लिटरमागे त्यात पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणून 'बावीस'चे आकडे घसरतात. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि सील त्याला तयार नसतात. आणि वीस टक्के दुसरं मिसळूनही लिटरचा भाव उतरत नाही. ही तक्रार मात्र मोठ्याने केलीत तर हे सदर तुमच्या मागे उभं राहील. चार पावलं मागे.

नव्या गाडीवाल्यांना वाटत असेल की हे सगळं जुन्या खटाऱ्यांचं पुराण झालं, आमच्या गाडीत कसला आवाजच येत नाही. बरोबर आहे. तुमच्या इंजिनाच्या ब्लॉकला एक नॉक सेन्सर बोल्टने आवळलेला असतो. तो ती सहा-सात हजारांची थरथर ओळखतो, कॉम्प्युटरला कळवतो आणि कॉम्प्युटर ठिणगी थोडी उशिरा टाकायला लागतो. किटकिट तुमच्या कानावर यायच्या आत थांबते. हा सेन्सर नसता तर आज दहा-बारा पट दाबाची इंजिनं सामान्य माणसाच्या पायाखाली देताच आली नसती, तेव्हा त्याला माझा नमस्कार. पण ठिणगी उशिरा पडली की पिकअप मरतो आणि पेट्रोल जास्त जातं. म्हणजे पेट्रोल वाचवायला चौथ्या गिअरवर घाट चढणारा माणूस चढभर पेट्रोल जाळत असतो आणि त्याला ते सांगायला किटकिटही शिल्लक नसते. आवाज येत होता तेव्हा निदान बायको तरी विचारायची.

छोट्या टर्बो इंजिनांत तर सेन्सरलाही न जुमानणारा एक प्रकार निघाला आहे. कमी फेऱ्या, भर जोर आणि सिलिंडरात उडालेला ऑइलचा थेंब ठिणगीच्या आधीच पेटतो. तेव्हा किटकिट होत नाही, धाडकन ठोका बसतो आणि मोजक्या ठोक्यांत पिस्टन फुटू शकतो. ठिणगी अजून पडायचीच असते, तिला उशीर करून काय उपयोग? यासाठी २०१८ मध्ये इंजिन ऑइलचा 'एपीआय एसएन प्लस' हा वेगळा दर्जा काढावा लागला आणि पुढे त्याहून वरचा 'एसपी' आला. तुमच्या गाडीत ओतलं जाणारं ऑइल कुठल्या दर्जाचं आहे हे सर्व्हिसिंगच्या काउंटरवर विचारून बघा. 'साहेब, बेस्ट टाकतो आपण' असं उत्तर आलं तर डबा बघायला मागा.

तेव्हा वाचकहो, एवढं करा. डॅशबोर्डच्या कप्प्यातला अंगारा आणि विम्याचे कागद बाजूला ठेवून ती पुस्तिका एकदा काढा. आळस असेल तर पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून आतला स्टिकर बघा, तिथेही बहुधा नंबर लिहिलेला असतो. तेवढ्याच नंबरचं पेट्रोल टाका, मेहुणा मागे बसलेला असला तरी. टेम्परेचरचा काटा वर सरकला तर एसी बंद करून बाजूला थांबा, पण रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. आणि प्रीमियमचे जे पैसे वाचतील त्यांत या दिवाळीआधी कूलंट बदलून घ्या.